परमुलखातील घरजावई

थायलंडच्या ईशान्येस, मेकाँग नदीच्या अलीकडे पसरलेल्या इसान नामक कोरड्या पठारावरील भातशेतीच्या गावांतून हिंडणाऱ्या मनुष्याच्या कानी ‘खोय फरंग’ हे शब्द वारंवार पडतात. ‘खोय’ म्हणजे जावई. आणि ‘फरंग’ ह्या शब्दाची ओळख मराठी वाचकास नव्याने करून देण्याचे कारण नाही, कारण ज्या फारसी घराण्यातून आपला ‘फिरंगी’ आला त्याच घराण्याचा तो आहे. व्हिएतनामच्या युद्धकाळात उदोन थानी येथे अमेरिकी हवाई दलाचा तळ होता, तेव्हापासून हा गोरा जावई इसानच्या लोकांना परिचयाचा झाला. आणि पुढे, सैनिकांच्या जागी युरोप-अमेरिकेतील पेन्शनर येऊ लागले, तेव्हा तो परिचय सोयरिकीपर्यंत पोहोचला. त्या सोयरिकीला स्थानिक चालीरीतीचाही आधार मिळाला. कारण इसानमध्ये लग्नानंतर जावयाने सासुरवाडीस येऊन राहावे आणि धाकट्या मुलीने आईबापांच्या घरातच संसार मांडून म्हातारपणी त्यांना सांभाळावे, अशी परंपरा आहे. आपल्याकडे ‘घरजावई’ ह्या शब्दास जो उपहासाचा वास येतो, तो तेथे मुळीच येत नाही.

परंतु गावाने ज्याला जावई म्हणून पाटावर बसविले, त्याला सरकार जावई मानीत नाही. थायलंडचा परकीयांच्या प्रवेशासंबंधीचा कायदा १९७९ सालचा आहे, आणि त्याच्या दृष्टीने बाहेरून आलेला मनुष्य हा मुदतीवर राहणारा पाहुणा होय. ती मुदत एका वेळी फार तर एक वर्षाने वाढते, आणि दरवर्षी ‘आपण कोणत्या कारणास्तव राहू इच्छिता?’ ह्या प्रश्नाचे उत्तर कागदोपत्री द्यावे लागते. कायमच्या रहिवासाचा परवाना आहे खरा, पण तो एका देशाच्या नागरिकांपैकी वर्षास १०० जणांहून अधिकांस द्यावयाचा नाही, अशी मर्यादा त्याच कायद्यात घातलेली आहे, आणि जो मनुष्य तेथे नोकरी-धंदा करीत नाही व करही भरीत नाही, त्याची दाद त्या रांगेत सहसा लागत नाही. तेव्हा निवृत्त मनुष्याने थायलंडमध्ये ‘कायमचे’ राहणे म्हणजे वर्षावर वर्ष रचीत जाणे एवढेच. प्रश्न उरतो तो कारणाचा: मी वृद्ध आहे व माझे पेन्शन मला पुरेसे आहे, म्हणून मी राहतो, असे त्याने सांगावे, की माझी पत्नी येथली आहे, म्हणून मी राहतो, असे सांगावे? दोन्ही उत्तरे खरी असताना त्यांतून एकाचीच निवड करावयाची, हा ह्या प्रकरणाचा विषय आहे. आणि वरवर जे उत्तर अधिक स्वस्त, अधिक स्वाभाविक आणि, म्हणावयाचे तर, अधिक प्रेमळ दिसते, ते अखेरीस अधिक सुरक्षित ठरतेच असे नाही.

आकड्यांवाचून हे बोलणे हवेत राहील, म्हणून एक मनुष्य आपण कल्पनेने उभा करू. तो इंग्लंडमधील निवृत्त शाळामास्तर आहे; वय ६६, विधुर; राहते घर विकून, कर्ज फेडून, हाती थोडी शिल्लक राहिली आहे आणि त्याशिवाय केवळ सरकारी पेन्शन आहे. इसानमधील खोन केनच्या एका पन्नाशी उलटलेल्या विधवा दुकानदारिणीशी त्याचा विवाह ठरला आहे. (विवाह प्रेमाने ठरला की सोयीने, ह्या प्रश्नात शिरण्याचे आपणास प्रयोजन नाही, ह्या वयातील बहुतेक विवाहांत दोहोंचे मिश्रण असते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.)

निवृत्तीच्या कारणावर वर्षाची मुदतवाढ हवी असेल तर वय ५० वर्षे पूर्ण पाहिजे आणि थाई बँकेत ८ लाख बाट ठेव पाहिजे, किंवा दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न पाहिजे, किंवा वर्षाचे उत्पन्न आणि ठेव मिळून ८ लाखांचा हिशेब जुळला पाहिजे. विवाहाच्या कारणावर हीच मागणी जवळजवळ निम्म्यावर येते: ४ लाख बाट ठेव, किंवा दरमहा ४० हजारांचे उत्पन्न. ब्रिटिश सरकारचे पूर्ण पेन्शन २०२५-२६ सालात आठवड्यास २३० पौंडांच्या किंचित वर होते. पौंडास ४३ बाट धरले तर महिन्यास त्याचे सुमारे ४३ हजार बाट होतात. म्हणजे आमचे मास्तर विवाहाच्या दारातून मान किंचित लववून आत जाऊ शकतात, आणि निवृत्तीच्या दारात मात्र त्यांस २२ हजारांची उणीव पडते. मिश्र हिशेबाने पाहिले तर वर्षाचे ५ लाख १६ हजार पेन्शनचे, आणि उरलेले २ लाख ८४ हजार बँकेत दाखवावयाचे. हे त्यांच्या आवाक्यात आहे, पण त्यासाठी घरविक्रीतील रकमेस हात घालावा लागेल.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे, ती अशी की थायलंडमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनराचे सरकारी पेन्शन मायदेशातील पेन्शनाप्रमाणे दरसाल वाढत नाही. ज्या अंकावर तो देश सोडतो, त्याच अंकावर ते गोठून राहते. त्यातच पौंड ही काही अचल मेरुपर्वतासारखी वस्तू नव्हे. २००७ साली ज्या पौंडास ६५ ते ७० बाट मिळत, त्यास दहा वर्षांनी पंचेचाळीसही मिळेनात. आणि त्या काळात जे पेन्शनर मासिक उत्पन्नाच्या भरवशावर तेथे गेले होते, ते काही एक न करता, केवळ पंचांग उलटत गेल्यामुळे, मर्यादेखाली आले. आज ४३ हजार असलेली रक्कम ४० हजारांखाली जाण्यास चलनाचा एक लहानसा हेलकावा पुरे आहे. म्हणून उत्पन्नाच्या रकान्यावर विसंबण्यापेक्षा ठेवीच्या रकान्यावर विसंबणे, ज्यास शक्य आहे त्याने, पत्करावे, असे माझे मत आहे.

शिवाय उत्पन्न सिद्ध करण्याची जुनी सोपी वाट आता बऱ्याच जणांना बंद झाली आहे. पूर्वी आपल्या वकिलातीचा एक दाखला आणला म्हणजे कचेरीचे समाधान होत असे. परंतु वकिलातीने त्या उत्पन्नाची प्रत्यक्ष शहानिशा केलेली असावी, असा आग्रह थाई अधिकाऱ्यांनी धरल्यावर ब्रिटिश आणि अमेरिकी वकिलातींनी २०१९ च्या आरंभापासून असे दाखले देणेच थांबविले. तेव्हापासून त्या देशांच्या लोकांना परदेशातून थाई बँकेत दरमहा रक्कम आल्याचा बारा महिन्यांचा उतारा हजर करावा लागतो. आणि नुकत्याच आलेल्या मनुष्यापाशी बारा महिन्यांचा इतिहास कोठून असणार? म्हणून बहुधा पहिल्या वर्षी ठेवीचाच मार्ग घ्यावा लागतो.

ठेवीचेही नियम आहेत. निवृत्तीच्या कारणासाठी ठेवलेले ८ लाख अर्जापूर्वी दोन महिने आणि मुदतवाढ मिळाल्यानंतर तीन महिने खात्यात अक्षय राहिले पाहिजेत, आणि वर्षाच्या उरलेल्या काळात ती शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये, असे २०१९ साली ठरविण्यात आले. म्हणजे पैसा आपला, बँकेत आपल्या नावावर, पण निम्मा कायमचा बांधलेला आणि निम्मा वर्षाचे काही महिने मोकळा. विवाहाच्या कारणासाठी ४ लाख अर्जापूर्वी दोन महिने पाहिजेत, आणि अर्जाचा निकाल लागला की त्यांस हात लावण्यास मोकळीक असते. हा फरक पैशाने जेवढा दिसतो त्याहून संसारात मोठा आहे. कारण इसानच्या गावात ४ लाख बाट म्हणजे सासऱ्याच्या घरावरचे नवे छप्पर, मेहुण्याच्या मुलाचे शिक्षण, किंवा जुनी का होईना पण एक चारचाकी. बँकेत पडून राहिलेल्या पैशाकडे घरातील मंडळी कशी पाहतात, हे ज्याने एकत्र कुटुंबात काही वर्षे काढली आहेत त्यास सांगावे लागत नाही.

मग विवाहाचेच दार का न निवडावे? त्या दारातून जाण्याचा विधी पाहू, म्हणजे उत्तराची दिशा दिसेल.

प्रथम विवाह हा कायद्याचा विवाह पाहिजे. भिक्षूंनी मंत्र म्हटले, थोरामोठ्यांनी वधूवरांच्या मनगटांस पांढरे दोरे बांधले, वराने ‘सिन सोत’ नावाचे देज वधूच्या आईबापांपुढे ताटात मांडले, सगळा गाव जेवला, तरी थायलंडच्या दिवाणी संहितेप्रमाणे विवाह होतो तो नोंदणी झाल्यावरच. ही नोंदणी अम्फोच्या, म्हणजे आपल्या तालुका कचेरीसारख्या कचेरीत होते. वर परदेशी असल्यास आपण विवाहास मोकळे आहो, असे प्रतिज्ञापत्र त्याने आपल्या वकिलातीसमोर करावयाचे, त्याचे थाई भाषांतर परराष्ट्र खात्याकडून प्रमाणित करून आणावयाचे, आणि मग अम्फोतील कारकुनापुढे उभे राहावयाचे. नोंदणी झाली की दोन वस्तू हाती येतात: वेलबुट्टीची किनार असलेले ‘खॉ-रॉ ३’ हे प्रमाणपत्र, जे चौकटीत घालून भिंतीवर लावण्याजोगे असते, आणि ‘खॉ-रॉ २’ हा नोंदवहीतला साधा उतारा, जो कोणी भिंतीवर लावीत नाही, पण दरवर्षीच्या मुदतवाढीस नवा काढून आणावा लागतो तो हाच. आजही हा विवाह अस्तित्वात आहे, हे तोच सांगतो. जगातील बहुतेक कचेऱ्यांत शोभेचा कागद एक आणि कामाचा कागद दुसरा असतो, हा अनुभव येथेही येतो.

मुदतवाढीच्या अर्जासोबत पत्नी हजर पाहिजे. तिची ओळखपत्रे, घराचे नोंदणीपुस्तक, घरापर्यंतचा हाताने काढलेला नकाशा, आणि छायाचित्रे: दोघे घराच्या क्रमांकापुढे उभे, दोघे बैठकीत, आणि कित्येक ठिकाणी दोघे शयनगृहातही. ठेवीचे खाते मात्र कचेऱ्यांस सहसा एकट्या नवऱ्याच्या नावाचे हवे असते. लग्नाचा पुरावा द्यावयाचा, आणि पैसा मात्र ब्रह्मचाऱ्यासारखा निराळा ठेवावयाचा. अर्ज दिल्यावर बहुधा ३० दिवसांचा ‘विचाराधीन’ असा शिक्का मिळतो. त्या अवधीत एखादा अधिकारी घरी येऊन जातो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो. पासपोर्टाच्या पडताळणीसाठी आपल्याकडे पोलीस घरी येतो, तेव्हा शेजारच्या काकूंना एकाएकी जे महत्त्व प्राप्त होते, ते येथे दरवर्षी प्राप्त होते. निवृत्तीच्या अर्जास ह्यांतील काही लागत नाही. बँकेचे पत्र, खातेपुस्तक, १,९०० बाट फी, आणि पुष्कळदा त्याच दिवशी शिक्का. पत्नी सोबत आली तर बाकावर बसून राहते.

एक चमत्कारिक गोष्ट जाता जाता सांगतो. पोलीस खात्याच्या २०१४ सालच्या ज्या हुकुमावर ही सारी व्यवस्था उभी आहे, त्यातील ४ लाखांची अट थाई स्त्रीच्या परदेशी नवऱ्यास लावलेली आहे. थाई पुरुषाच्या परदेशी बायकोस ती नाही. पुरुषाने पोसावयाचे आणि स्त्रीने पोसले जावयाचे, ही जुनी कल्पना हुकुमाच्या भाषेत अजून सुखाने नांदते आहे.

परंतु विवाहाच्या दाराचा खरा दोष हा कागदांचा ढीग नव्हे. कागद जमविता येतात. दोष असा की ह्या दारातून आत आलेल्या मनुष्याचा राहण्याचा हक्क दुसऱ्या मनुष्याच्या सहीवर, संमतीवर आणि श्वासावर अवलंबून असतो. घटस्फोट झाला की मुदतवाढीचा आधारच नाहीसा होतो. पत्नी वारली तर पुढच्या वर्षी त्या कारणावर मुदत मिळत नाही. भांडण झाले आणि ती त्या सकाळी कचेरीत आली नाही, तरीही गाडे अडते. आणि हे तिलाही ठाऊक असते, त्यालाही ठाऊक असते, आणि कालांतराने सासुरवाडीच्या सर्व मंडळींनाही ठाऊक होते. चांगल्या घरात ह्या ज्ञानाचा कोणी दुरुपयोग करीत नाही. पण ज्या दोन माणसांनी उतारवयात एकमेकांच्या सोबतीसाठी लग्न केले, त्यांच्यामध्ये असे एक शस्त्र कपाटात पडून राहणे, ते कधी उपसले गेले नाही तरी, मला इष्ट वाटत नाही.

आपल्या देशाशी तुलना करून पाहिली म्हणजे हा मुद्दा उठून दिसतो. भारतात निवृत्तांसाठी म्हणून वेगळा व्हिसाच नाही, तेव्हा दोन दारांतून निवड करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर जन्म काढू इच्छिणाऱ्या कित्येक वृद्ध युरोपीयांची अडचण हीच आहे. परंतु ज्याने भारतीय नागरिकाशी विवाह केला, त्यास, तो विवाह नोंदलेला असून दोन वर्षे अखंड टिकला असल्यास, ओसीआयचे, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे, कार्ड मागता येते, आणि ते एकदा मिळाले की दरसालची वारी संपते. न्यायालयाने विवाह मोडला तर ते कार्ड रद्द करता येते; पण जोडीदाराचा मृत्यू हे रद्द करण्याचे कारण आपल्या कायद्याने सांगितलेले नाही. थाई व्यवस्थेत वैधव्य आणि विधुरत्व ह्यांस ही सवलत नाही.

तेव्हा मास्तरांस माझा सल्ला असा: विवाह पत्नीसाठी करावा, आणि मुदतवाढ, खिसा होकार देत असेल तर, आपल्या वयाच्या आणि पेन्शनाच्या बळावर घ्यावी. ह्यात पत्नीविषयी अविश्वास नाही. उलट, दरवर्षी तिला कचेरीच्या बाकावर साक्षीदार म्हणून बसविण्यापेक्षा घरात पत्नी म्हणून राहू देणे, हा तिचा अधिक आदर होय. पण खिसा होकार देत नसेल तर हट्टाने ८ लाख गोठवून संसार कुचंबविणेही शहाणपणाचे नाही. त्याने विवाहाच्या दाराने जावे, आणि दरसाल थोडी ठेव वाढवीत, पुढे केव्हातरी कारण बदलून घेण्याची वाट मोकळी ठेवावी. आणखी एका माणसास विवाहाचेच दार अपरिहार्य आहे, तो म्हणजे ज्याला तेथे काम करावयाचे आहे तो. निवृत्तीच्या कारणावर राहणाऱ्यास कामाची मनाई आहे, आणि ‘काम’ ह्या शब्दाचा अर्थ तेथे इतका व्यापक आहे की बायकोच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसणेही त्यात येऊ शकते. विवाहाच्या कारणावर राहणाऱ्यास कामाचा परवाना मागता येतो. मास्तरांस शिकवणीची खोड मोडवत नसेल, तर हा विचार त्यांनी आधीच करावा.

श्रीमंतांच्या वाटा निराळ्या आहेत आणि त्यांवर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. २०२२ च्या सप्टेंबरापासून दहा वर्षांचा एक व्हिसा मिळू लागला आहे. त्यासाठी निवृत्ताचे वार्षिक उत्पन्न ८० हजार अमेरिकी डॉलर पाहिजे, किंवा ४० हजारांहून अधिक उत्पन्न आणि अडीच लाख डॉलरांची थायलंडमधील गुंतवणूक पाहिजे. मायदेशातूनच काढून आणावयाचा ‘ओ-ए’ नामक निवृत्तांचा एक व्हिसाही आहे. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीपासून त्यास आरोग्यविम्याची सक्ती आली, आणि विम्याची रक्कम पुढे ३० लाख बाटांपर्यंत नेण्यात आली. सत्तरी ओलांडलेल्या मनुष्यास असा विमा कोण आणि काय भावाने देणार, हे सांगावयास नको. साध्या ‘नॉन-इमिग्रंट ओ’ व्हिसावर येऊन तेथे मुदत वाढवून घेणाऱ्यास ही सक्ती नाही. पण सक्ती नाही म्हणून विमा न घेणाऱ्या वृद्धांच्या रुग्णालयातील बिलांची तजवीज अखेर त्यांच्या थाई बायकांनाच करावी लागते.

कोणतेही दार निवडले तरी काही आन्हिके चुकत नाहीत. दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवावयाचा. आपल्या पेन्शनरांस दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याचीच ही त्रैमासिक आवृत्ती समजावी, आणि तीही पेन्शन मिळविण्यासाठी नव्हे, केवळ हजर असल्याबद्दल. परदेशी मनुष्य घरात राहावयास आला की घरमालकाने २४ तासांत खबर द्यावयाची; आमच्या मास्तरांच्या बाबतीत घरमालक म्हणजे त्यांची पत्नीच, तेव्हा नवरा घरी आल्याची वर्दी बायकोने पोलिसांत द्यावयाची, असा प्रकार होतो. आणि देशाबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना, एका वेळेचा १ हजार बाटांस किंवा अनेक वेळांचा ३,८०० बाटांस, काढावयाचा. तो न काढता मनुष्य बाहेर गेला, मग ते सख्ख्या भावाच्या मर्तिकासाठी का असेना, तर वर्षाची मुदतवाढ त्याच क्षणी संपते, आणि परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. कुठल्याही परिस्थितीत ३,८०० वाला परवाना काढून ठेवावा. वयोवृद्ध मनुष्यास मायदेशाहून जी निकडीची बातमी येते, ती रविवारी किंवा सणाच्या दिवशीच येते.

राहता राहिली जमीन. परदेशी मनुष्यास थायलंडमध्ये जमीन घेता येत नाही. थाई पत्नीस घेता येते, पण खरेदीचा पैसा सर्वस्वी तिचा आहे, ह्यात माझा काही संबंध नाही, असे निवेदन नवऱ्याने तिच्यासह जमीन-कचेरीत लिहून द्यावे लागते. इंग्लंडातले घर विकून आणलेल्या पैशासंबंधी ते लिहिताना मास्तरांचा हात क्षणभर थांबला, तर त्यात नवल नाही. पत्नी आधी वारली आणि जमीन वारसाने नवऱ्याकडे आली, तरी ती त्याला ठेवता येत नाही. कायद्याने जी मुदत घालून दिली जाते, १८० दिवसांहून कमी नाही आणि वर्षाहून अधिक नाही, तिच्या आत ती विकावी लागते. म्हणजे विवाहाच्या कारणावर राहणारा विधुर एकाच दुःखाच्या पाठोपाठ व्हिसाही गमावतो आणि अंगणही. अंगणापुरता एक उपाय आहे, आणि तो लग्नाच्या पहिल्या वर्षातच करून ठेवावा: पत्नीने जमीन-कचेरीत जाऊन त्या जागेवर नवऱ्याचा तहहयात उपभोगाचा हक्क नोंदवून द्यावा. थाई दिवाणी संहितेस असा हक्क मान्य आहे, तो जमिनीच्या सनदेच्या पाठीवर चढतो, आणि पत्नीमागे तिच्या वारसांकडे मालकी गेली तरी राहत्या घराची वहिवाट नवऱ्याकडे त्याच्या अखेरपर्यंत राहते. त्या कामासाठी मात्र पत्नीने कचेरीत यावे लागते, आणि बाकावर नव्हे, सहीच्या टेबलाशी बसावे लागते.